थंडीच्या आधी घर कसं तयार करायचं: नाशिक-निफाडकडच्या घरांसाठी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोजागिरीचं दूध झालं की आमच्याकडे पहाटेचा गारवा लागायला लागतो आणि मग शेजारणी, नणंदा, सुट्टीला आलेली भाचरं सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. आमचं घर निफाड तालुक्यात आहे, पुढचं स्लॅबचं आणि मागच्या दोन खोल्या पत्र्याच्या, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या घरातली थंडी मी रोज बघते.

महाराष्ट्रात अशी कितीशी थंडी पडते की घराची तयारी करायला लागावी?

मुंबई-ठाण्याच्या माणसाला हा प्रश्न पडतोच. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात, पारा १.८ अंशांवर आला होता. हवामान खातं सपाटीच्या भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी झालं की थंडीची लाट म्हणतं, आणि ४ अंशांपर्यंत आलं तर मग नेहमीचं किती ते बघतच नाही, ती लाटच. पण खरी अडचण आकड्याची नाहीये. आपली घरं ऊन आणि पाऊस डोक्यात ठेवून बांधलेली असतात, शहाबादी फरशी, उंच छत, जाळीच्या खिडक्या, वर पत्रा, म्हणजे उन्हाळ्यात जे जे सुख देतं तेच जानेवारीत अंगावर येतं. आणि घरात हीटिंग वगैरे काही नसतं म्हणून मग लोक काय करतात तर सगळी दारं-खिडक्या गच्च लावून आत काहीतरी पेटवतात. दरवर्षी अशी माणसं दगावतात. म्हणून खाली मी जे जे सांगतेय त्यात याच तीन गोष्टी परत परत येतील: आधी ओल घालवा, दिवसा ऊन घरात घ्या आणि जिथे जाळ आहे तिथे हवा मोकळी ठेवा.

कामाला सुरुवात कधी करायची?

ऑक्टोबर हीटमध्ये. पाऊस परत गेला की थंडी पडेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे कडक ऊन असतं, त्याला लोक शिव्या देतात पण घर वाळवायला वर्षभरात यापेक्षा चांगले दिवस नाहीत. दिवाळीची साफसफाई तशीही तेव्हाच असते, त्यातच हे बसवून टाकायचं. डिसेंबरमध्ये भिंत वाळत नाही, गोधडी वाळत नाही आणि प्लंबरही मिळत नाही कारण सगळ्यांचे गिझर एकाच आठवड्यात बंद पडलेले असतात.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली होती, पांढरं पांढरं लोणा फुटलंय, दिवाळीला रंग मारून घेऊ का?

थांबा. ओल्या भिंतीवर रंग मारला की संक्रांतीपर्यंत पोपडे पडतात आणि पैसे गेले ते गेले. आधी भिंत वाळलीय का ते बघा: फूटभर प्लास्टिकचा कागद घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला गच्च चिकटवा आणि एक दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी जमलं तर ओल भिंतीत आहे, बाहेरच्या बाजूला जमलं तर ती खोलीतल्या हवेतली आहे. भिंतीत असेल तर आतून कितीही वॉटरप्रूफचे डबे ओतले तरी उपयोग नाही, पाणी कुठून येतंय ते बाहेर जाऊन शोधायला लागतं, खिडकीवरचा चज्जा, गच्चीच्या कठड्याची भेग, फुटलेला ड्रेनेज पाईप, बहुतेक वेळा यातलंच एक निघतं. लोणा पाण्याने धुवू नका, तो क्षार असतो, पाण्यात विरघळून परत भिंतीत जातो. कोरड्या ब्रशने खरवडा आणि झाडून बाहेर टाका.

ओली भिंत थंडीत जास्त गार पडते हे आमच्या मागच्या खोलीत अनुभवलंय, ज्या वर्षी उत्तरेकडची भेग बुजवून भिंत वाळू दिली त्या वर्षी त्या खोलीत झोपणं सुसह्य झालं, बाकी काहीच बदललं नव्हतं. आणखी एक, कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं तरी जागा सोडा, नाहीतर मागे काळी बुरशी धरते आणि वास कपड्यांना लागतो.

गोधड्या, रजया, ब्लँकेटं कशी तयार करायची?

गोधडी धुवायची असेल तर ऑक्टोबरमध्येच, कारण जाड गोधडीला वाळायला दोन दिवस पूर्ण ऊन लागतं आणि आत दमट राहिली तर कुबट वास येतो तो पुढच्या वर्षीपर्यंत जात नाही. कापसाची रजई धुवायची नाही, आतला कापूस गोळा होतो. तिला खोळ घाला, खोळ धुवा आणि रजईला नुसतं ऊन द्या, अकरा ते तीन, मध्ये एकदा उलटायची, काठीने झोडायची, आणि उन्हातून काढल्या काढल्या घडी न घालता थोडी गार होऊ द्यायची. गादी-रजईतला कापूस दबून पातळ झाला असेल तर पिंजारी शोधून पिंजून घ्या, ऊब कापसात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते. म्हणूनच एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ पांघरुणं एकावर एक जास्त ऊबदार लागतात. आणि पांघरूण सगळे बघतात पण खालून येणारी थंडी कोणी बघत नाही, जमिनीवर झोपत असाल तर गादीखाली चटई आणि सतरंजी दोन्ही घाला.

लोकरीची घोंगडी गरम पाण्यात टाकू नका, आटते. गार पाणी आणि रिठा, पिळायची नाही, सावलीत वाळवायची.

स्वेटरमध्ये डांबरगोळ्या ठेवल्या होत्या, बाळाला तसेच घातले तर चालतील?

नाही, अजिबात नाही. डांबरगोळीतल्या नॅफ्थॅलीनने काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांना हा धोका असतो आणि ते वरून बघून कळत नाही. बाळाचे कपडे, दुपटी, टोपडी यात गोळी ठेवायचीच नाही. ठेवलेल्या असतील तर ते कपडे बाळासाठी वापरूच नका, आणि कपाटातून गोळ्या काढून टाका. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेवा, त्याचा जोर कमी असतो हे मान्य, पण कपडे स्वच्छ धुवून, कडक वाळवून ठेवले तर कसर तशीही कमीच लागते.

खिडक्या बंद केल्या तरी वारा येतो, काय करावं?

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना फट असतेच. हार्डवेअरच्या दुकानात खिडकीच्या कडेला लावायची फोमची चिकटपट्टी किंवा ब्रशची पट्टी मिळते, एका खिडकीला अर्धा तास लागतो, घरच्या घरी होतं. खालच्या चॅनेलला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात ती मात्र बुजवू नका, ती पावसाचं पाणी जायला असतात. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी करून लावली तरी पुरते. पडदे जाड आणि खाली फरशीपर्यंत येणारे असावेत.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दक्षिणेची खिडकी. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कलतो, आपल्याकडे भर दुपारी सुद्धा तो डोक्यावर न येता साधारण ४६ अंशांवरच असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत पार आतपर्यंत येतं. सकाळी नऊ-दहाला तिचे पडदे पूर्ण उघडायचे, ऊन फरशीवर, भिंतीवर पडू द्यायचं आणि चारच्या सुमाराला ऊन उतरायच्या आधी खिडकी-पडदे बंद करायचे. एवढ्यानेच रात्री खोली कमी गार पडते. उत्तरेची खोली मात्र गारच राहणार, जमलं तर दोन महिने तिथे कोणी झोपू नका, आम्ही जानेवारीत सगळे पुढच्या दोन खोल्यांत येतो.

पत्र्याच्या घरात पहाटे वरून पाणी ठिबकतं, पाऊस नसताना!

तो तुमचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ. पत्रा रात्री मोकळ्या आभाळाकडे आपली सगळी उष्णता सोडून देतो आणि कधीकधी बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, मग आतली दमट हवा त्याला लागली की दव धरतं आणि ठिबकतं. आभाळ आलेल्या रात्री हे होत नाही ते यामुळेच, आणि थंडीही त्या रात्री कमी वाटते. उपाय म्हणजे पत्र्याखाली वीतभर जागा सोडून सीलिंग करायचं, बांबूच्या तट्ट्यांचं केलं तरी फरक पडतो कारण मधली हवा उष्णता धरून ठेवते. थर्माकोल स्वस्त मिळतो पण तो झटकन पेटतो आणि त्याचा काळा धूर फार वाईट, चुलीच्या किंवा गॅसच्या वर तर लावूच नका. आणि पत्रा-भिंतीमध्ये वरची जी फट असते ती सगळी बुजवायची नाही, दोन बाजूंना थोडी थोडी जाळी लावून मोकळी ठेवा, वाफ जायला वाट हवी.

गॅस गिझर बाथरूममध्ये बसवलाय, काळजी काय घ्यायची?

बाहेर काढा. एवढंच उत्तर आहे पण कारण सांगते, कारण नुसतं सांगून कोणी ऐकत नाही.

गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये दार लावलेलं, थंडी म्हणून वरची झरोक्याची काच पण बंद केलेली, अशात पाच-सात मिनिटं बर्नर चालला की हवेतला ऑक्सिजन कमी पडायला लागतो आणि गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, या वायूला तसं काही नाही, त्यामुळे नाकाला काहीच कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि माणसाला वाटतं की उपाशीपोटी गरम पाण्याने होतंय, तेवढ्यात कडीपर्यंत हात पोचत नाही. माझ्या एका मावसबहिणीला असंच बेशुद्ध बाहेर काढलं होतं, नशिबाने सासूबाईंनी दोन हाका मारून उत्तर आलं नाही म्हणून लगेच दार तोडायला लावलं. ती वाचली. त्या दिवसापासून आमच्या नात्यातल्या एकाही घरात गिझर बाथरूमच्या आत नाहीये.

गिझर बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा मागच्या अंगणात लावा, सिलिंडरही बाहेरच, आत फक्त गरम पाण्याचा पाईप येऊ द्या. भाड्याच्या घरात असाल आणि मालक बदलून देत नसेल तर तोपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, पाच मिनिटं हवा जाऊ द्या आणि मग अंघोळीला जा, आत असताना परत चालू करायचा नाही. हा कायमचा उपाय नाही, मालकाच्या मागे लागाच. ज्योत निळी हवी, पिवळी किंवा काजळी धरणारी दिसली की वापर बंद आणि सर्व्हिसिंग. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, एक घेऊन ठेवा, पण त्याच्या भरवशावर गिझर आत ठेवू नका.

कोणी आत पडलंच तर आधी दार-खिडक्या सताड उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, तुम्ही स्वतः आत रेंगाळू नका, आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की गॅस गिझर चालू होता. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवतं कारण त्याला हा वायू आणि ऑक्सिजन यातला फरक कळत नाही, रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असू द्या.

शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून झोपलं तर?

वर सांगितलं तेच, उलट निखाऱ्यांचा धोका जास्त कारण धूर दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी करतात तेव्हा खिडकी उघडी ठेवा, कोणीतरी जागं राहा आणि शेक झाला की शेगडी लगेच बाहेर. शेकोटी अंगणातच शोभते. पाणी तापवायचा बंब पण अंगणात किंवा उघड्या पडवीत, न्हाणीघराच्या आत नको.

इलेक्ट्रिक गिझरने बिल फार येतं का? आणि शॉकची भीती वाटते.

हिशोब सोपा आहे. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण पाऊण ते एक युनिट लागतं. बिल वाढतं ते गिझर तासन्‌तास चालू ठेवल्याने, एका अंघोळीमागे दुसरी लगेच झाली तर कमी लागतं. थर्मोस्टॅट ६० च्या वर नको, खाऱ्या पाण्यात कॉइलवर क्षार लवकर धरतात. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे तर वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, टाकी उघडून कॉइल साफ करून घेते आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय का ते बघायला लावते, तो स्वतः झिजतो म्हणून टाकी गंजत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बंद करायचा नाही, त्यातून थेंब पडले तर घाबरू नका, ते त्याचं कामच आहे.

शॉकसाठी दोन गोष्टी: मीटरजवळ ३० मिलीॲम्पिअरचं ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं स्विच) असलंच पाहिजे आणि अर्थिंग चांगलं हवं. पावसाळा संपला की जमीन कोरडी होते आणि अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. हे काम कोणाच्याच लक्षात राहत नाही.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. लहान मुलं भाजतात ती उलटं केल्याने.

आणि पाण्यात टाकायचा रॉड?

शक्यतो नको. वापरायचाच असेल तर लोखंडी किंवा स्टीलची बादली नको, रॉडवर खूण असते तिथपर्यंत पाणी हवं, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावायचं नाही. गरम झालंय का ते बघायला लोक हात घालतात आणि तिथेच जातात. मुलांच्या हाताला लागेल तिथे तर कधीच नको.

सोलर थंडीत पाणी गरम करत नाही, खराब झालाय का?

बहुतेक वेळा नाही. नळ्यांवर धूळ बसलेली असते, द्राक्षांच्या भागात तर फवारणीची पावडर पण असते, भल्या सकाळी नळ्या गार असताना पुसून घ्या, तापलेल्या नळीवर गार पाणी मारलं तर तडकते. दुसरं कारण सावली. उन्हाळ्यात जी पाण्याची टाकी सोलरवर सावली टाकत नाही ती डिसेंबरमध्ये टाकते, दहा फुटांच्या भिंतीची सावली भर दुपारी सुद्धा साडेनऊ फूट लांब पडते, म्हणून एक दिवस गच्चीवर जाऊन दहा, बारा आणि दोन वाजता बघाच. तिसरं, गच्चीवरून खाली येणारा पाईप उघडा असतो, त्याला फोमची नळी चढवा. सुरुवातीचं गार पाणी वेगळ्या बादलीत धरा, भांड्यांना होतं. संध्याकाळी गरम पाणी कमी वापरा, पहाटेला तेवढंच उरतं.

रूम हीटर घ्यावा का?

घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर घ्या, तेलाचा रेडिएटर प्रकार बरा, तो उघडा लाल होत नाही. थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशन बोर्डला नको, बोर्ड वितळलेले मी पाहिलेत. पडदा, गादी तीन फूट लांब. झोपायच्या आधी तासभर लावून खोली उबदार करायची आणि झोपताना बंद.

थंडीत गॅस सिलिंडर लवकर संपतो का?

संपत नाही, शेवटी शेवटी ज्योत बारीक होते. सिलिंडरमधला ब्युटेन गारठ्यात नीट वाफ होत नाही. सकाळी कडाक्यात ज्योत मंद असेल तर उन्हं आल्यावर परत बघा. सिलिंडर आडवा करणं, उकळत्या पाण्यात ठेवणं, खाली जाळ करणं यातलं काहीही करू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं बटण चालूही नाही आणि बंदही नाही, आणि १९०६ ला फोन.

थंडीत साप कमी होतात ना?

घोणस नाही. तिचा मिलनाचा काळ थंडीतच असतो आणि ती उन्हं खायला सकाळी अंगणात, लाकडाच्या ढिगाजवळ, कडब्यापाशी दिसते. शेकोटीसाठी फांद्या आणून भिंतीला टेकवून रचू नका, घरापासून लांब रचा आणि काढताना हात घालायच्या आधी काठीने हलवा. पत्र्याखाली उंदीर शिरतात त्यांच्या वाटा बुजवा कारण उंदरामागे साप येतो. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही नाही, हालचाल न करू देता थेट सरकारी दवाखाना.

तुळस दरवर्षी जानेवारीत जळते.

मंजिऱ्या खुडून टाका, पाणी संध्याकाळी न घालता ऊन आल्यावर घाला आणि रात्री वरून पातळ सुती कापड टाका, प्लास्टिक नको. कुंडी हलवता येत असेल तर दक्षिणेच्या भिंतीला लावा, दिवसभर तापलेली भिंत रात्री तिला ऊब देते. आमच्याकडे शेतकरी द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या करतात आणि ठिबक सुरू करतात ते याच कारणाने, मणी तडकू नयेत म्हणून.

आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत, वेगळं काय करू?

पहाटे पाचच्या अंघोळीचा हट्ट सोडायला लावा, हे सगळ्यात अवघड आहे हे मला माहीत आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं आणि हार्ट अटॅकही जास्त येतात, तेव्हा ऊन आल्यावर अंघोळ. पलंगापासून संडासापर्यंत जाडी सतरंजी किंवा पायपुसणी टाका पण ती सरकणारी नको, आणि वाटेवर रात्रभर एक छोटा बल्ब. गरम पाण्याच्या पिशवीत उकळतं पाणी भरू नका आणि पिशवी फडक्यात गुंडाळून द्या, डायबेटिस असलेल्यांना पायाला भाजलेलं कळत नाही.

आवराआवर कधी करायची?

संक्रांतीला भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी खाल्ली की लोकांना वाटतं थंडी गेली, पण फेब्रुवारीत उत्तरेकडचा वारा सुटला की परत हुडहुडी भरते. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, तोपर्यंत काही उचलू नका. नंतर एक कडक उन्हाचा दिवस बघून सगळी पांघरुणं वाळवा, पेटीत निंबाचा पाला घाला, हीटरची वायर गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, फोमच्या पट्ट्या तशाच राहू द्या कारण मार्चमध्ये त्याच धूळ अडवतात, आणि एका गोधडीला बाहेर ठेवा, पहाटे लागतेच.